पूर्वसूरींच्या चित्रावरून

१

जुन्या युरोपीय मुद्राचित्राच्या खालच्या समासात बहुधा दोन नावे बारीक अक्षरांत कोरलेली असतात. एक मूळ चित्रकाराचे, दुसरे ज्याने ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवले त्याचे. हा समास आपण सहसा वाचत नाही. वाचलाच तर समोरचे चित्र ‘अमक्याच्या चित्रावरून’ केलेले आहे एवढे ध्यानात घेतो, आणि ते ध्यानात येताच आपली नजर थोडी सैल पडते. मूळ वस्तू दुसरीकडे कोठेतरी आहे, समोर आहे तो तिचा निरोप्या, अशी आपली समजूत होते. संग्रहालयांच्या सूचींत आणि जुन्या चित्रांच्या बाजारातही ‘वरून’ ह्या एका शब्दाने चित्राची पायरी खाली येते.

ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नाही. अशा मुद्राचित्रांपैकी बहुतेकांनी निरोप्याचेच काम केले आणि ते प्रामाणिकपणे केले. छायाचित्रण येण्यापूर्वी रोममधले चित्र पॅरिसला किंवा अँटवर्पला पाहायचे तर दुसरा उपायच नव्हता. रफाएलच्या रचना इटलीबाहेर पोचल्या त्या मुख्यतः मार्कान्तोन्यो रायमोंदीच्या कोरीव मुद्राचित्रांमुळे. रुबेन्सने तर आपल्या चित्रांची मुद्राचित्रे करण्यासाठी निष्णात कारागीर जवळ बाळगले आणि त्यांच्या कामावर करडी नजर ठेवली. ह्या परंपरेत कारागिराचा मोठेपणा त्याच्या अदृश्य होण्यात होता.

पण कधीकधी असे घडते, की ‘वरून’ करणारा स्वतःच मोठा कलावंत असतो, त्याला अदृश्य होता येत नाही, आणि मूळ चित्राशी त्याची झटापट पत्र्यावर उमटून राहते. स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने १७७८ मध्ये आणि त्याच्या आगेमागे दिएगो वेलास्केसच्या चित्रांवरून केलेली एचिंग आणि ॲक्वाटिंट पद्धतींची मुद्राचित्रे हा ह्याचा सर्वांत बोलका दाखला आहे. गोयावरच्या ग्रंथांत त्यांना बहुधा उमेदवारीच्या काळातला अभ्यास म्हणून एखादे प्रकरण, कधी एखादा परिच्छेद मिळतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा हिशेब अपुरा आहे.

मराठीत ‘टीका’ हा शब्द आज आपण परीक्षण किंवा दोषदर्शन ह्या अर्थी वापरतो. त्याचा जुना अर्थ वेगळा आहे : मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणारा दुसरा ग्रंथ. भावार्थदीपिका ही गीतेवरची टीका, आणि वामन पंडितांची यथार्थदीपिका हीही गीतेवरचीच. टीकाकार मूळ श्लोक बदलत नाही. पण कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भर द्यायचा, काय ओलांडून पुढे जायचे हे तोच ठरवतो, आणि त्या ठरवण्यात त्याची सारी प्रतिभा पणाला लागते. ह्या जुन्या अर्थाने गोयाची ही मुद्राचित्रे वेलास्केसवरची टीका आहेत. अर्थात टीका म्हटली की ती कोठे उणी पडली हेही पाहणे ओघाने आलेच.

२

गोया १७७५ च्या आरंभी माद्रिदला आला. सांता बार्बरा येथील राजेशाही विणकामशाळेसाठी, भिंतीवर टांगायच्या चित्रपटांचे नमुने रंगवण्याचे काम त्याला मिळाले होते. वय तिशीच्या आत, आणि दरबारी मान अजून दूर. ह्या कामाच्या निमित्ताने राजवाड्याशी संबंध आला आणि तेथील चित्रसंग्रह पाहण्याची वाट मोकळी झाली.

त्या काळी वेलास्केस हे नाव आजच्यासारखे जगाच्या तोंडी नव्हते, ही गोष्ट आपण सहज विसरतो. १६६० मध्ये तो वारला. त्याची थोर चित्रे राजाच्या मालकीची असल्यामुळे राजवाड्याच्या भिंतींवरच राहिली. १७३४ च्या नाताळात माद्रिदचा जुना राजवाडा आगीत भस्मसात झाला; त्या आगीतून वाचवलेल्या चित्रांतच ‘लास मेनिनास’ होते. प्रादोचे संग्रहालय लोकांसाठी उघडले ते १८१९ मध्ये. मधल्या काळात स्पेनबाहेरच्या रसिकाला वेलास्केस जवळजवळ अपरिचित होता, आणि स्पेनमधल्या सामान्य माणसाने त्याचे नाव ऐकले असले तरी चित्र पाहिलेले नव्हते. राजसंग्रहातल्या चित्रांची मुद्राचित्रे निघावीत, म्हणजे स्पॅनिश चित्रकलेची योग्यता जगाला कळेल, असा विचार त्या पिढीतल्या सुबुद्ध मंडळींत चालू होता. प्रवासवर्णनकार आंतोनियो पोन्स हा त्यांतला एक. दरबारी चित्रकार मेंग्सने पोन्सला लिहिलेल्या आणि १७७६ मध्ये छापल्या गेलेल्या पत्रात राजवाड्यातल्या चित्रांची चर्चा करताना वेलास्केसची विशेष वाखाणणी केली होती.

ह्या वातावरणात २८ जुलै १७७८ रोजी माद्रिदच्या ‘गासेता’ पत्रात जाहिरात आली : गोयाने वेलास्केसच्या चित्रांवरून केलेली नऊ मुद्राचित्रे विक्रीस आहेत. त्यांत राजघराण्यातल्या व्यक्तींची आणि मंत्री ओलिव्हारेस याची अश्वारूढ चित्रे होती, इसाप आणि मेनिपस हे दोन प्राचीन तत्त्वज्ञ होते आणि दरबारातले दोन बुटके होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी दोन आली. बाल्तासार कार्लोस ह्या राजपुत्राचे अश्वारूढ चित्र आणि ‘लोस बोर्राचोस’ म्हणजे मद्यप्यांचे चित्र. ह्यांखेरीज काही मुद्राचित्रे त्याने केली पण विक्रीस काढली नाहीत. त्यांच्या मोजक्याच छापा उरल्या आहेत, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲक्वाटिंटचे धाडस त्याने मुख्यतः ह्या न विकलेल्या चित्रांत केले.

प्रकाशित चित्रांच्या खाली स्पॅनिशमध्ये स्पष्ट नोंद आहे : मूळ चित्र वेलास्केसचे, ते माद्रिदच्या राजवाड्यात आहे, त्यावरून रेखाटले आणि कोरले फ्रान्सिस्को गोयाने, आणि गोयाच्या नावापुढे ‘चित्रकार’ असा शब्द. हा शब्द सहज घातलेला नाही असे वाटते. ‘हे काम कोरणाऱ्या कारागिराचे नव्हे, एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराकडे पाहून केलेले आहे’, असे तो सांगत असावा.

३

ह्या पाहण्यातली अडचण समजण्यासाठी साधनाची ओळख आवश्यक आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात आणि त्यावर सुईने रेघा ओढतात. सुई थर खरवडते, तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघा खाल्ल्या जातात. थर पुसून टाकून पत्र्याला शाई भरतात, वरची शाई पुसतात आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढतात. रेघांच्या खाचांत राहिलेली शाई कागद उचलतो. हात थराच्या मेणातून चालतो, त्यामुळे रेघ लेखणीच्या रेघेसारखी मोकळी येते; धातूवर जोर लावून ब्युरिनने कोरावे लागते त्यात हा मोकळेपणा नसतो. पण शेवटी ती रेघच. तिच्यापाशी काळे आहे आणि कागदाचे पांढरे आहे. मधले करडे दाखवायचे तर रेघांची दाटी कमीजास्त करण्यावाचून मार्ग नाही.

आणि वेलास्केस तर रेघेचा चित्रकार नव्हे. त्याच्या प्रौढ चित्रांत आकृतीला कडा जवळजवळ नसते. जवळ जाऊन पाहिले तर कुंचल्याचे सैल फटकारे, चार पावले मागे सरकले की त्याच फटकाऱ्यांचे रेशीम होते, केस होतात, हाताची त्वचा होते. माणूस आणि भिंत यांच्यामध्ये हवा आहे असा भास हे त्याचे खरे कसब. ज्याच्या चित्रात रेघ नाही त्याला केवळ रेघांत उतरवायचे, हे गोयाने अंगावर घेतलेले काम होते.

त्याने ते कसे निभावले हे ‘लोस बोर्राचोस’मध्ये चांगले कळते, कारण तेथे तुलनेची सोय आहे. पिंपावर बसलेला अर्धनग्न बॅकस पुढे गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतो आहे, आणि भोवतीच्या राकट शेतकऱ्यांपैकी एक जण हातात वाडगे धरून थेट आपल्याकडे पाहून हसतो आहे, असे हे चित्र. ह्याच चित्रावरून १७९३ मध्ये मानुएल साल्वादोर कार्मोना याने ब्युरिनने कोरलेले मुद्राचित्र केले. कार्मोना पॅरिसला शिकलेला, मेंग्सचा जावई, त्या काळचा स्पेनमधला अग्रगण्य कोरीवकार. त्याच्या रेघा शिस्तीच्या आहेत. अंगाच्या गोलाईबरोबर त्या वळतात, ठरल्या जागी जाड होतात, ठरल्या जागी निमुळत्या होतात. मांसाला एक जाळी, कापडाला दुसरी, जमिनीला तिसरी. परिणाम असा, की चित्रात काय आहे ते सारे कळते. बॅकसचे अंग, मुकुटाची पाने, वाडग्यातली दारू, कशाचीही उणीव नाही. फक्त वेलास्केस मात्र कोठे नाही. त्या जाळीतून रफाएलही असाच दिसला असता आणि आणखी कोणीही असाच दिसला असता.

गोयाच्या रेघा आखूड आहेत, तुटक आहेत, कोठे विरळ तर कोठे अचानक दाट. वस्तूनुसार जाळी बदलण्याचा नियम तो पाळत नाही. उजेड जिथे पडतो तिथे रेघ सोडून देतो आणि कागदाला बोलू देतो. मांस आणि कापड यांतला फरक त्यामुळे थोडा पुसट होतो. उलट ऊन, हसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुत्यांची हालचाल, माणसांची एकमेकांना लागून असलेली गर्दी हे सारे जिवंत राहते. चेहरे मुळापेक्षा भरड झाले आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण कार्मोनाचे चित्र मूळ चित्रातल्या वस्तूंची यादी देते, आणि गोयाचे चित्र मूळ चित्रातल्या उजेडाचा अर्थ सांगते. एका मूळावरच्या ह्या दोन टीका आहेत. पहिली पदच्छेद करते, दुसरी भावार्थ सांगते. कोणती वाचावी हे वाचकाच्या गरजेवर आहे. पण दोन्हींना एकाच पारड्यात घालून ‘कोण जास्त अचूक’ असे विचारणे म्हणजे भावार्थाला पदच्छेदाच्या मापाने मोजणे होय.

रेघेच्या बळावर गोया सर्वांत उंच गेला आहे तो एकट्या बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या माणसांच्या चित्रांत. दरबारातला बुटका सेबास्तियान दे मोर्रा जमिनीवर बसला आहे, बुटांचे तळवे आपल्याकडे, मुठी कमरेशी आवळलेल्या, नजर रोखलेली. वेलास्केसने त्याच्यावर दया दाखवली नाही आणि त्याची थट्टाही केली नाही. राजाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले. रंग नाहीसे झाले, तरी ही नजर गोयाने गमावलेली नाही. उलट रंगीत वस्त्रांचा आधार गेल्यामुळे ती अधिक एकाकी झाली आहे. मूळ चित्र पाहताना आपण आधी चित्रकाराच्या हातावर लुब्ध होतो आणि मग माणसाकडे वळतो. येथे लुब्ध व्हायला हात फारसा शिल्लक नाही. माणूसच समोर येतो. टीकेने मूळ ग्रंथातला एखादा दबलेला अर्थ वर काढावा, तसे हे आहे.

४

तरीही राजवाड्यातल्या त्या हवेचा प्रश्न रेघेने सुटत नव्हता, आणि ह्याच प्रश्नाने गोयाला ॲक्वाटिंटकडे नेले असले पाहिजे. ही पद्धत तेव्हा अगदी नवी होती. फ्रान्समध्ये ज्याँ-बातीस्त ल प्रँसने १७६८ च्या सुमारास ती सिद्ध केली, इंग्लंडात पॉल सँडबीने १७७५ पासून तिचा वापर केला. स्पेनमधल्या तिच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांत गोयाची ही चित्रे मोडतात. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून पत्रा तापवतात, म्हणजे प्रत्येक कण जागेवर चिकटतो. आम्ल कणाकणांच्या मधल्या फटींतून तांबे खाते आणि रेघेऐवजी कणीदार सपाट छटा मिळते. जो भाग फिका ठेवायचा त्यावर वार्निश लावून आम्लाला अटकाव करायचा. बाकीचा जितका वेळ आम्लात राहील तितका गडद होईल. हात मधे नसतो. काळ, आम्ल आणि कण यांच्या हवाली काम करावे लागते, आणि अंदाज चुकला तर पत्रा वाया जातो.

गोयाने ही पद्धत कोठे लावली आणि ती कोठे फळली हे पाहणे उद्बोधक आहे. शिकारीच्या वेषातला राजपुत्र फेर्नांदो हातांत बंदूक घेऊन उभा आहे, पायाशी कुत्रा, मागे मोकळा मुलूख. ह्या चित्रावरून केलेले एचिंग आणि ॲक्वाटिंट पाहताना जाणवते, की मुळात वेलास्केसनेच येथे रंग आवरते घेतले होते. तपकिरी, हिरवट, करडे. करड्याच्या पायऱ्यांवर उभे असलेले चित्र करड्यांच्याच पद्धतीत उतरायचे होते. त्यामुळे कण आणि कुंचला यांचे येथे जुळले. रेघ आकृती धरून ठेवते, छटा तिच्याभोवती हवा भरते, आणि राजपुत्र मोकळ्यावर उभा आहे असे प्रथमच वाटते.

‘बार्बारोहा’चे तसे नाही. कास्तान्येदा नावाचा हा दरबारी विदूषक, तुर्की थाटाच्या वेषात, हातात तलवार घेऊन उभा आहे, आणि मूळ चित्राचा सारा दरारा आहे तो त्याच्या वस्त्राच्या लाल रंगात. लाल आणि गडद करडे हे काळ्या शाईत एकच होऊन जातात. गोयाने ॲक्वाटिंटची छटा दिली, आणि पायघोळ वस्त्राला वजन आले, काळोख आला. पण लालाची धग काही आली नाही. विदूषकाचा आव, जो मुळात विनोद आणि भीती यांच्या मधोमध उभा आहे, येथे भीतीकडे कलला आहे. हा पराभव म्हणावा की नवा अर्थ? मला वाटते, पराभवच. पण असा पराभव, ज्यातून कळते की लाल रंग त्या चित्रात काय करीत होता. चित्रातून एखादी गोष्ट काढून घेतल्यावरच तिचे मोल कळते, ही परीक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट गोयाने पत्र्यावर करून दाखवली.

सर्वांत मोठी अपेक्षा आणि सर्वांत मोठे अपयश ‘लास मेनिनास’चे. १६५६ चे हे चित्र सुमारे ३१८ सेंटिमीटर उंच आहे. गोयाचा पत्रा चाळीस सेंटिमीटरांच्या आसपास. पण आकारातला फरक हा येथे लहान प्रश्न. मूळ चित्राचा वरचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा आहे : छत, भिंतीवरच्या काळपटलेल्या तसबिरी, मंद उजेड. ती रिकामी जागाच चित्राला श्वास देते. गोयाने तेथे रेघांवर रेघा चढवल्या, आणि हवेच्या जागी जाळे उभे राहिले. लहानग्या राजकन्येचा चेहरा वयस्क आणि ताठर झाला. मग त्याने पत्र्यावर एकामागून एक साधने योजली, ॲक्वाटिंटही चढवले. त्यातच पत्रा बिघडला असे मानले जाते. प्रकाशन झाले नाही आणि मोजक्या छापा तेवढ्या मागे राहिल्या.

येथे जुन्या छापा पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲक्वाटिंटचे कण फार उथळ असतात. छापता छापता ते झिजतात आणि छटा फिकी पडते. रेघा त्यापेक्षा अधिक काळ टिकतात. गोयाचे बरेच पत्रे पुढे सरकारी मुद्राचित्रशाळेकडे गेले आणि दीर्घकाळ त्यांच्यावरून छापा काढल्या गेल्या. तेव्हा एखादी उशिराची छाप पाहून ‘ह्यात हवा नाही’ असा निर्णय देण्याआधी ती हवा गोयाने दिलीच नव्हती की दाबयंत्राने पुसून टाकली, हे विचारले पाहिजे. टीकेचीही अशी अवस्था होते. शंभरदा उतरवून घेतलेल्या पोथीत शब्द राहतात, स्वर निघून जातो.

५

ह्या सगळ्यावर एक साधा आक्षेप येऊ शकतो. गोया पुढे थोर झाला म्हणून आपण त्याच्या उमेदवारीतल्या प्रयत्नांना अर्थ चिकटवतो आहोत. हीच मुद्राचित्रे एखाद्या अनामिकाची असती तर आपण त्यांतल्या चुका मोजून पुढे गेलो असतो. आक्षेपात तथ्य आहे. प्रमाणांत चुका आहेत, घोड्यांचे पाय कोठे कोठे जड झाले आहेत, चेहरे भरड आहेत. ह्या चुकांना ‘शैली’ म्हणून गौरवू नये.

पण उलट बाजूही पाहावी. १९५७ मध्ये पिकासोने ‘लास मेनिनास’ मोडून-तोडून त्यावर एक दीर्घ चित्रमालिका केली, तेव्हा तिला कोणी अभ्यास म्हटले नाही. ती स्वतंत्र निर्मिती ठरली. पिकासोने अंतर ठेवले, म्हणून तो निर्माता. गोयाने जवळ जाण्याचा प्रयत्न केला, म्हणून तो विद्यार्थी. म्हणजे आपण कलावंताला मूळाशी केलेल्या बंडाचे गुण देतो आणि मूळाच्या आज्ञेत राहून दाखवलेल्या समजेचे गुण कापतो. ही आधुनिकतेने आपल्याला लावलेली सवय आहे. ती तपासून पाहण्यासाठी गोयाची ही मुद्राचित्रे उपयोगी पडतात, कारण त्यांत आज्ञाधारकपणा आणि स्वत्व एकाच पत्र्यावर आहेत, आणि एकाला बाजूला सारून दुसरे पाहता येत नाही.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. १७९२-९३ च्या आजारात गोयाची श्रवणशक्ती गेली. ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या वृत्तपत्रात ‘लोस काप्रीचोस’ ह्या ८० मुद्राचित्रांच्या संचाची जाहिरात आली. त्या चित्रांत ॲक्वाटिंट हवा भरण्यासाठी नाही. ती स्वतःच काळोख आहे, ज्यातून चेटकिणी, गाढवे आणि ढोंगी माणसे पुढे येतात. बत्तिसावे चित्र, तुरुंगात बसलेल्या एका बाईचे, तर निव्वळ ॲक्वाटिंटचे आहे, त्यात रेघच नाही. १८०० च्या सुमारास राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे भव्य चित्र रंगवताना गोयाने स्वतःला फलकासमोर मागच्या बाजूला उभे केले, ते ‘लास मेनिनास’ मनात धरूनच. तो पत्रा फसला होता. चित्र मात्र वीस-बावीस वर्षे त्याच्याबरोबर राहिले. म्हणून १७७८ च्या मुद्राचित्रांना केवळ ‘काप्रीचोस’ची पूर्वतयारी म्हणून मोजू नये. पूर्वतयारीचे काम संपले की ती बाजूला टाकता येते. येथे तर पुढच्या साऱ्या काळोखाचा पहिला प्रश्न, म्हणजे रेघ नसलेली गोष्ट कागदावर कशी आणावी हा, दुसऱ्याच्या चित्रासमोर बसून विचारला गेला आहे.

६

हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. ॲक्वाटिंट आणि ‘वरून’ ह्या दोन्ही गोष्टी मराठी मुलखाच्या दारी फार लवकर येऊन गेल्या. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगवली. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियलने हाती घेतली आणि १८०३ मध्ये २४ मुद्राचित्रांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केला. पुण्याचा गंगाराम तांबट त्या काळी वेल्ससाठी आणि रेसिडेंट मॅलेटसाठी लेण्यांची रेखाटने करीत होता. म्हणजे दगडावरून रेखाटन, रेखाटनावरून पत्रा, पत्र्यावरून कागद, अशा ‘वरून’च्या पायऱ्या चढत वेरूळ युरोपात पोचले. त्यांतल्या एकाही पायरीला आपण निरर्थक म्हणू शकत नाही.

आणि गोयाने कोरलेल्या त्या इसापाचेच पाहा. तो मराठीत आला तोही असाच. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ ही इसापाच्या कथांचे भाषांतर होती. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या इसापनीतीने मराठी गद्य कसे लिहावे ह्याचा एक धडा घालून दिला. महाराष्ट्राच्या भौगोलिक सीमेबाहेर, दक्षिणेत, एका मराठी दरबारात हे आधी घडले, ह्याचा बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकाला विशेष अभिमान वाटावा. मराठी मुद्रित गद्याच्या पायाशी असा ‘वरून’ केलेला दगड आहे.

असे असूनही आपल्या वाङ्मयीन व्यवहारात ‘स्वतंत्र’ आणि ‘अनुवादित’ ह्या दोन पंगती वेगळ्या मांडल्या जातात, आणि दुसऱ्या पंगतीला वाढताना हात आखडतो. अनुवादाचे परीक्षण लिहिताना आपण बहुधा एकच कसोटी लावतो : मुळाशी किती जुळते? ती आवश्यक कसोटी आहे, पण ती कार्मोनाची कसोटी आहे. गोयाच्या मुद्राचित्रांसमोर बसले की दुसरी सुचते. ह्याने मूळात काय पाहिले, जे आम्ही पाहिले नव्हते? आपल्या माध्यमाच्या मर्यादेला तो कोठे भिडला, आणि भिडला तेव्हा त्या मर्यादेतून मूळाविषयी काय कळले? जो अनुवादक, जो रूपांतरकार, जो टीकाकार ह्या प्रश्नांना काही उत्तर देऊ शकतो, त्याची कृती मुळापासून ढळली तरी तिचे वाचन व्हायला हवे. जो देऊ शकत नाही, त्याची कृती तंतोतंत असली तरी तिचे काम निरोप पोचवताच संपते.

आपल्यापैकी बहुतेकांनी वेलास्केस पाहिला तो पुस्तकांतल्या रंगीत छापांतून, आणि आता तो पडद्यावर हवा तेवढा मोठा करूनही पाहता येतो. मूळासारखे दिसण्याच्या शर्यतीत गोयाचा पत्रा ह्या साधनांपुढे केव्हाच हरला आहे. ती शर्यत संपली म्हणूनच त्याचे खरे काम आता नीट दिसू लागले आहे. पडदा मूळ चित्र दाखवतो. मूळ चित्रासमोर एक माणूस किती वेळ आणि किती कष्टाने बसला होता, त्याला काय उमजले आणि काय हातातून निसटले, हे दाखवायला तांब्याचा पत्राच हवा. समासातल्या दोन नावांपैकी दुसरे नाव वाचायचे ते ह्यासाठी.